शेंदराखालची गाय

आमच्या बचत गटाच्या सामानाची वही माझ्याकडे आहे. पातेली, पराती, कढया, सतरंज्या, पापडाची लाटणी, डबे. कोणी नेलं, कशासाठी नेलं, सही, परत कधी, असे चार रकाने. गावात लग्न असो की दहावा, सामान आमच्या खोलीतून जातं आणि त्याआधी माझ्या वहीतून जातं. सहीशिवाय झारासुद्धा दाराबाहेर पडत नाही. यावरून माझ्यामागे लोक काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. म्हणोत. गेल्या अठरा वर्षांत आमचं एक पातेलं हरवलेलं नाही.

फक्त एका डब्यापुढचा चौथा रकाना अजून रिकामा आहे. हे त्या डब्याबद्दल आहे.

आमचं गाव मिरजगावहून आत, सीना नदीच्या अंगाला. टँकरच्या एका वर्षी, उन्हाळ्यात, भर दुपारी गावच्या देवीचे गुरव माझ्या दारात आले. चपला काढून उंबऱ्याबाहेरच उभे राहिले.

"ताई, मोठा डबा द्या. झाकणाचा."

"कशाला?"

"आईचं कवच गळालं."

हे नीट सांगायला हवं. आमच्या गावची आई म्हणजे शेंदराचा एक मोठा गोळा होता. कमरेएवढा उंच, वर चांदीचे दोन डोळे. आमच्या घरात देवदेव नाही. भिंतीवर बुद्धाची तसबीर आहे, आणि देवीच्या पायऱ्या माझ्या आजीने कधी चढल्या नाहीत, तिला कोणी चढूही दिलं नसतं. पण देऊळ रस्त्यावर आहे, दार उघडं असतं, आणि शाळेत जाता-येता तो गोळा मी रोज पाहिलेला आहे. दर मंगळवारी गुरवाची बायको त्याला तेल-शेंदूर लावायची. तिच्याआधी तिची सासू लावायची, तिच्याआधी तिची सासू. थरावर थर. आत काय आहे ते गावात कोणी पाहिलेलं नव्हतं. पाहायची कोणाला गरजही वाटली नव्हती.

असा थर फार जाड झाला आणि ऊन कडक पडलं की कधीतरी त्याचा एखादा पोपडा सुटून खाली येतो. त्याला कवच म्हणतात. ते घरात ठेवायचं नसतं, वाहत्या पाण्यात सोडायचं असतं. पण त्या वर्षी सीनेत वाळू होती आणि वाळू नेणारे ट्रॅक्टर होते. पाणी नव्हतं.

"पानी आलं की सोडतो," गुरव म्हणाले. "तवर झाकून ठिवाया पायजे. उघडं ठिवलं तर गावाला बाधतं."

मी त्यांना पापडाचा डबा दिला. गोल, पत्र्याचा, पसरट, घट्ट झाकणाचा. कवच मावेल असा दुसरा डबा खोलीत नव्हता. वहीत लिहिलं: पापडाचा डबा, मोठा, झाकणासह, एक. कशासाठी: देवीचं कवच ठेवण्यासाठी, पाणी येईपर्यंत. तारीख घातली. त्यांनी सही केली.

पुढे पाऊस झाला, सीना वाहिली, डबा आला नाही. मी महिन्यातून एकदा विचारायची. "आनतो की ताई," ते म्हणायचे आणि वाट बदलायचे. आमचे पापड प्लॅस्टिकच्या पिशव्यांत सादळले. गटातल्या बाया म्हणाल्या, "जाऊ द्या, देवाच्या कामाला गेला." मी म्हटलं, देवाच्या कामाला गेला असेल तर देवाने परत करावा.

मग काही वर्षांनी, एका सकाळी, देवीच चोरीला गेली.

गोळा मुळापासून उचकटून नेला होता. ओट्यावर चांदीचे दोन डोळे तेवढे होते, शेजारी शेजारी, नीट ठेवलेले. गाव म्हणालं, आईने गावावर नजर ठेवायला डोळे मागे ठेवले. मला त्यात वेगळंच दिसलं. चांदी सोडून दगड नेणारा माणूस भुरटा चोर नसतो. त्याला कोणीतरी सांगितलेलं असतं, शेंदराखाली काय आहे ते. गावाला माहीत नव्हतं ते त्याला माहीत होतं. याचा मला राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.

फिर्याद झाली. तिची प्रत मी नंतर वाचली, कारण गावातले कागद शेवटी वाचायला माझ्याकडेच येतात. वर्णनाच्या जागी लिहिलं होतं: शेंदरी रंगाचा दगड, उंची अंदाजे तीन फूट, आकार देवीसारखा. बस. फोटो म्हणून जोडले होते ते यात्रेतले. त्यात साडी, हार, नारळ आणि पुढे उभे राहिलेले पुढारी दिसत होते. देवळाच्या घंटेचं वजन कमिटीने लिहून ठेवलं होतं. देवीचं माप कोणी घेतलं नव्हतं.

कमिटीच्या अध्यक्षांनी दोन महिन्यांत नवी मूर्ती आणली. संगमरवरी, पांढरीशुभ्र, गालात हसणारी. जाळीचं दार बसवलं, कुलूप लावलं. गाव नव्या आईला नमस्कार करायला शिकलं. फक्त गुरवाची बायको मंगळवारी तेलाची वाटी घेऊन यायची आणि तशीच परत जायची. संगमरवराला तेल लावू नका, डाग पडतात, असं अध्यक्षांनी तिला बजावलं होतं.

वर्ष-दीड वर्ष गेलं असेल. ठाण्यातून निरोप आला. श्रीगोंद्याच्या बाजूला, उसाच्या रानात, एका पत्र्याच्या गोदामात जुने दगड सापडले होते. एक व्यापारी ते फार्महाऊसवाल्यांना बागेत उभे करायला विकायचा. ज्या गावांच्या फिर्यादी आहेत त्यांनी येऊन ओळख पटवावी.

आम्ही टेम्पोने गेलो. अध्यक्ष, गुरव, त्यांची बायको, आणखी पाच-सहा जण. मला नेलं ते अर्ज लिहायला. खाली बसायला गटाची एक सतरंजी घेतली. सही अध्यक्षांची.

ठाण्याच्या मागच्या आवारात दगड ओळीने मांडले होते. प्रत्येकावर खडूने आकडा. हे काम मुद्देमाल सांभाळणाऱ्या हवालदारांचं होतं. त्यांच्या हातात आडवी वही, त्यात आकडा, माप, कुठे सापडला, कशात गुंडाळला होता. मी ती वही पाहिली आणि त्या माणसाबद्दल मला एकदम बरं वाटलं.

आमची माणसं ओळीतून एकदा फिरली, दोनदा फिरली. हातात हळदकुंकू, नारळ, हार. शोधत होती शेंदरी रंग. तिथे एकही दगड शेंदरी नव्हता. सगळे काळे, घासूनपुसून चकचकीत. व्यापाऱ्याने कसल्यातरी रसायनाने आणि तारेच्या ब्रशने त्यांची सालं काढली होती.

"ह्यात आई न्हाई," गुरवाची बायको म्हणाली.

"नीट बगा, मावशी," आमच्यातलं कोणीतरी म्हणालं.

"बगितलं. ह्यात समदी मानसं हायेत. भांडनारी."

तिथे एक गृहस्थ दगडांपाशी उकिडवे बसले होते. निवृत्त चित्रकला शिक्षक. जिल्ह्यातले वीरगळ मोजत फिरणं हा त्यांचा नाद, आणि पोलिसांनी त्यांना त्यासाठीच बोलावलं होतं. वीरगळ म्हणजे लढाईत मेलेल्या माणसाच्या आठवणीचा दगड. खाली लढाई, मध्ये त्याला वर नेणाऱ्या अप्सरा, सगळ्यात वर पिंडीची पूजा. एकोणीस नंबरच्या दगडापाशी ते थांबले. टेप लावली. मग अध्यक्षांना म्हणाले, "हा तुमच्या मापाचा आहे. तीन फुटांना दोन बोटं कमी."

एकोणीस नंबरवर घोड्यावर बसलेला, तलवार उगारलेला माणूस होता.

"अवो गुरुजी," गुरवाची बायको म्हणाली, "ह्याला मिशा हायेत."

"आहेत."

"आमची आई हाय. आईला मिशा कुठल्या?"

आवारातले सगळे हसले. व्यापाऱ्याचा माणूस कडक इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीवर बसला होता, तो जरा जास्तच हसला. त्याच्याकडे पावती होती. जुन्या घराच्या पाडकामातून रीतसर विकत घेतलेला माल, असं तिच्यावर लिहिलं होतं.

मास्तरांनी माझ्याकडे सतरंजी मागितली. मी म्हटलं, दगडावर टाकणार असाल तर मिळणार नाही. ते म्हणाले, "डोक्यावर घ्यायचीय. अंधार पायजे." मग त्यांनी दगडावर आणि आम्हा दोघांवर सतरंजी ओढली आणि बॅटरी एका बाजूने, जवळजवळ दगडाला टेकवून धरली. समोरून उन्हात जे सपाट वाटत होतं ते एकदम उठून दिसायला लागलं. घोडा. घोड्याच्या पायाखाली पडलेला माणूस. आणि अगदी खाली, डाव्या कोपऱ्यात, तीन गायी. दोन सरळ चाललेल्या. तिसरीने मान मागे वळवलेली होती, वासराकडे.

"गायी राखताना मेलेला आहे हा," मास्तर म्हणाले. "गुरं पळवायला आले, हा आडवा गेला."

त्यांनी नखाने मागे वळलेल्या गायीच्या पाठीवरची जागा दाखवली. तिथे हरभऱ्याएवढा एक खड्डा होता. दगडाचा मूळचाच. त्याच्या तळाशी शेंदराचा कण.

"मग आमचाच आहे की!"

"बाई, शेंदराचे कण इथल्या निम्म्या दगडांत आहेत. गावोगाव शेंदूर लावतात. हा कण तुमचा हे कशावरून?"

सतरंजीबाहेर येऊन त्यांनी सगळ्यांसमोर गुरवांना विचारलं, "कवच कधी गळलं होतं का? मोठा तुकडा? तो असता तर काम झालं असतं. त्याच्या आतल्या अंगाला दगडाचा ठसा असतो."

गुरव खाली बघत म्हणाले, "गळाल्तं येकदा. सोडलं सीनेत."

"सगळीकडं हेच उत्तर मिळतं," मास्तर म्हणाले आणि टेप गुंडाळायला लागले.

ठाण्याच्या साहेबांनी आम्हाला स्पष्ट सांगितलं. व्यापाऱ्याने माल परत मागायला कोर्टात अर्ज केला आहे. पुढच्या आठवड्यात सुनावणी. ज्या दगडाची ओळख पटली नाही त्याच्याबद्दल पोलिसांना बोलायला तोंड राहणार नाही. एकोणीस नंबर उचलून नेला जाईल आणि कोणाच्यातरी हिरवळीवर उभा राहील.

अध्यक्षांनी हार परत पिशवीत घातला. तेवढ्यात मी विचारलं.

"सोडलं, तर डबा कुठं आहे?"

गुरव टेम्पोकडे वळले.

"मामा, डबा सीनेत सोडायचा नव्हता. कवच सोडायचं होतं. डबा कुठं आहे?"

"घरी चला, ताई," एवढंच ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वही काखेत घेऊन देवळापाशी गेले. पायरीखाली उभी राहिले. पायऱ्या मला कोणी आता अडवणार नाही, पण मला चढायच्या नव्हत्या. अध्यक्ष बाहेर आले. मी कशाला आलेय ते त्यांना कळलेलं होतं.

"ताई, कशाला उकरता? नवी आई बसली. प्रान फुंकला. गाव सुखात हाय. आता तो मिशावाला आनून कुठं ठिवू?"

"ते नंतर ठरवू. आधी येऊ तर द्या."

"आनि एक सांगू का? राग मानू नका. तुमचा देवच न्हाई हा. तुमाला काय पडलंय?"

आजूबाजूला सात-आठ माणसं होती. सगळी एकदम जमिनीकडे बघायला लागली. हे वाक्य कधीतरी येणार हे मला माहीत होतं. आयुष्यभर ते कुठल्या ना कुठल्या रूपात येतंच, आणि बोलणारा नेहमी आधी राग मानू नका म्हणतो.

"देव तुमचा आहे," मी म्हटलं. "डबा गटाचा आहे. मी डब्यासाठी आलेय. आणि डब्यात जे आहे ते तुमच्या देवळातून निघालं, कुठल्या दिवशी निघालं, कोणाच्या हातून निघालं, हे अख्ख्या गावात फक्त माझ्याकडे लिहिलेलं आहे. तुमच्याकडे घंटेचं वजन आहे."

एकाने खोकल्यासारखं करून हसू गिळलं. अध्यक्ष आत गेले.

मी तशीच गुरवांच्या घरी गेले. ते ओसरीवर बसले होते. मी त्यांच्यासमोर वही उघडली. त्यांनी सहीकडे पाहिलं.

"न्हाई सोडलं, ताई," ते म्हणाले. "पयल्या वर्सी पानी गढूळ हुतं, म्हनलं निवळू दे. मंग पोरीचं लगीन निगालं. मंग लोकं इचारायला लागली, तवा म्हनून टाकलं, सोडलं. येकदा म्हनल्यावर मंग कसं सोडनार? डबा घिऊन नदीवर चाललो तर दिसनारच की. आनि त्याच्यात आई गेली. आता गावाला कळलं तर काय म्हनतील? कवच घरात दडवलं म्हनून आई निगून गेली. माज्यामुळं."

हा माणूस खरंच घाबरलेला होता. मी त्यांना चोरांबद्दल, गोदामाबद्दल, पावतीबद्दल सांगितलं. त्यांच्या भीतीला त्याचा काही उपयोग झाला नाही. कवच दडवण्याची बाधा त्यांच्या आजोबांनी त्यांना शिकवली होती. माझी वही त्यापुढे कालची.

"म्हणतील ते म्हणतील," मी म्हटलं. "मी तिथंच उभी असेन. पण सुनावणी पुढच्या आठवड्यात आहे, मामा."

ते हलले नाहीत. आतून भांड्यांचा आवाज आला, काहीतरी ओढल्याचा आवाज आला, आणि त्यांची बायको माळ्यावरून उतरलेली धूळ अंगावर घेऊन बाहेर आली. डोक्यावर पापडाचा डबा.

"रोज तुमचं त्वांड चुकवून दुसऱ्या आळीनं पान्याला जाते मी," ती मला म्हणाली. "ह्या डब्यापायी. कटाळले. घ्या."

"त्ये उघडू नगंस," गुरव म्हणाले.

"उघडायला न्हाई, न्यायला काडलाय. आनि गावाला काय सांगायचं ते मी सांगते. मला कुनी इचारलं हुतं का, सोडलं का म्हनून? समदी तुमालाच इचारत हुती."

डबा ठाण्यातच उघडला, मास्तरांसमोर, दोन पंचांसमोर. आत खणाच्या कापडात तीन तुकडे होते. जुन्या तेलाचा उग्र वास आला. बाहेरून ते शेंदरी, खडबडीत, दोन बोटं जाड. मास्तरांनी पहिला तुकडा उलटा केला. आतला भाग गुळगुळीत होता, तपकिरी. त्यात एका खुराचा खोलगट आकार.

व्यापाऱ्याचा माणूस आज वकील घेऊन आला होता. वकील म्हणाले, "गायी प्रत्येक वीरगळावर असतात. हे तुम्हीच तुमच्या लेखात लिहिलंय, गुरुजी."

"असतात," मास्तर म्हणाले.

त्यांनी मधला तुकडा दगडाला लावला. बसला नाही. थोडा वर सरकवला, फिरवला. बसला नाही. कडेला बोटभर फट. दुसरा लावून पाहिला. तोही नाही. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. वकिलांनी मोबाईल काढला. त्या क्षणी मला पहिल्यांदा वाटलं, कदाचित हा आपला दगड नसेल. कदाचित आपली आई आधीच कुठल्यातरी कारंज्यात उभी असेल.

"असं न्हाई, गुरुजी," गुरवाची बायको पुढे झाली. "आना हिकडं."

"मावशी, मुद्देमाल आहे, हात लावू नका," हवालदार म्हणाले.

"ह्येला माझ्याइतका हात कुनी लावलाय? त्या दिशी खालून येचलं ते मीच. उगडी पडलेली जागा डोळं मिटून शेंदरानं बुजवली ती बी मीच. ह्यो डाव्या पायाकडचा. आनि ह्यो मदला न्हाईच, ह्यो कडंचा. पडून फुटला तवा कडंची बाजू भुईला हुती."

साहेबांनी मानेने होकार दिला. तिने तुकडा घेतला, मास्तरांनी धरला होता त्याच्या उलटा फिरवला, आणि दगडाच्या डाव्या कोपऱ्याला नेला. शेंदूर लावताना बोटं जशी जात असतील तशीच तिची बोटं गेली. तुकडा जरा अडखळला, मग आत सरकला आणि बसला. त्याच्या आतल्या अंगाला हरभऱ्याएवढी एक गाठ होती. ती गायीच्या पाठीवरच्या खड्ड्यात गेली. पापडाच्या डब्याचं झाकण बसताना होतो तसा बारीक आवाज आला. तिने हात काढून घेतला. तुकडा पडला नाही.

मास्तरांनी वकिलांकडे पाहिलं. "गाय सगळ्यांवर असते. हा खड्डा कोणाकोणावर आहे, ते तुमच्या पावतीत बघा."

उरलेले दोन तुकडे तिनेच बसवले. मान वळवलेली गाय पुन्हा शेंदराखाली गेली. गुरवाच्या बायकोने दोन पावलं मागे येऊन त्या तेवढ्या शेंदरी कोपऱ्याकडे पाहिलं, वर मिशांकडे पाहिलं, आणि पदर डोळ्यांना लावला.

"तूच हायेस व्हय," ती म्हणाली.

मग माझी वही. साहेबांना ती जप्त करायची होती. मी म्हटलं, वही जाणार नाही, गावात पुढच्या आठवड्यात दोन लग्नं आहेत. पानाची झेरॉक्स घ्या, मूळ वही मी प्रत्येक तारखेला स्वतः घेऊन येईन. वकील म्हणाले, बचत गटाच्या भांड्यांच्या वहीला पुरावा म्हणता? मी म्हटलं, तुमच्या पावतीवर घर कुठलं ते लिहिलेलं नाही, गाव नाही, माप नाही. माझ्या डब्याचं झाकणसुद्धा लिहिलंय. मुद्देमालाचे हवालदार त्यांच्या वहीत मान घालून लिहीत होते. ते हसले, पण वर न बघता.

कोर्टाने दगड व्यापाऱ्याला दिला नाही. खटला चालू आहे, तोवर ग्रामपंचायतीने सांभाळावा, बोलावल्यावर हजर करावा, अशा लेखी जबाबदारीवर तो आमच्या ताब्यात आला. टेम्पोत मी आणि गुरवाची बायको त्याच्या दोन बाजूंना बसलो. खाली सतरंजी. ती मीच वहीत चढवली होती, सही माझीच.

गावात प्रश्न आला तो अध्यक्षांनी आधीच विचारलेला होता. ठेवायचा कुठे? देवळात दोन आया चालणार नाहीत. काही जण म्हणाले, गायी राखताना मेलेला माणूस आहे, वेशीवर उभा करा. काही म्हणाले, चोरांनी बाटवलाय, आधी शांती करून घ्या. मी ग्रामपंचायतीत एक कागद ठेवला. लोखंडी चौकट, सिमेंटात पक्की. चारी बाजूंनी फोटो, टेप लावून. खुणा लिहून दोन प्रती, एक ठाण्यात. आणि खटला संपेपर्यंत शेंदूर नाही, तेल नाही, वॉर्निश नाही. शेवटच्या कलमावर आरडाओरड झाली. मी सांगितलं, कोर्टात हा दगड न्यावा लागेल आणि तो तुकडा पुन्हा बसवून दाखवावा लागेल. मध्ये थर चढला आणि तुकडा बसला नाही, तर त्या वकिलाला कोणी उत्तर द्यायचं ते आत्ताच ठरवा, नाव लिहून घेते. कोणी नाव दिलं नाही. कलम राहिलं.

आता तो ग्रामपंचायतीसमोर, लिंबाखाली आहे. पहिल्याच मंगळवारी गुरवाची बायको वाटी घेऊन आली. मी गटाच्या खोलीच्या खिडकीतून पाहिलं आणि बाहेर गेले.

"मावशी, नाही."

"येक बोट. मागच्या अंगाला."

"कोर्ट आहे."

"कोर्टाला काय वास येनार हाय का?"

"त्या वकिलाला येईल."

"लई वंगाळ बाई हायेस तू," ती म्हणाली. मग वाटी बाजूला ठेवून तिने पदराने दगडावरची धूळ पुसली. वरून खाली, पिंडी, अप्सरा, घोडा, गायी. मान वळवलेल्या गायीपाशी जरा जास्त वेळ. दर मंगळवारी ती येते. मास्तरांनी एकदा तिला सांगून पाहिलं की हा वीर आहे, देवी नाही. ती म्हणाली, "असू दे की मिशा. आमची सासू बी न्हाई का, दाडी हुती तिला." ती त्याला आईच म्हणते. आता तिचं ऐकून आणखी चार बाया म्हणायला लागल्यात. गुरव लांबून हात जोडतात. कवच दडवल्याबद्दल गावाने त्यांना दोन महिने टोमणे मारले, मग ऊस तोडायची घाई आली.

मी या सगळ्यानंतर एक नवी वही केली आहे. गावात आणि शिवारात उघड्यावर जेवढे जुने दगड आहेत तेवढे तिच्यात आले आहेत. बारवेच्या पायरीला लावलेला, धुणं धुवायचा, म्हसोबा म्हणून रंगवलेला, एकाच्या गोठ्यात गव्हाणीला टेकवलेला. सत्तावीस झाले. प्रत्येकाचं माप, फोटो, खुणा. लोक विचारतात, कोण नेणार आहे हे? मी म्हणते, ज्याला त्याखाली काय आहे ते माहीत आहे, तो. शेजारच्या दोन गावांच्या बाया येऊन रकाने उतरवून घेऊन गेल्या. देवळातल्या घंटेचं वजनही मी लिहून घेतलं. अध्यक्षांनी दिलं, जरा तोंड वाकडं करून.

राहिला डबा. कवच मुद्देमालात आहे आणि ते डब्यात आहे, म्हणून डबाही मुद्देमालात. झाकणावर लाखेचं सील. गटाच्या बैठकीत बाया म्हणाल्या, नवा घेऊ, जुन्यापुढे रेघ मारा. मी नाही म्हटलं. रेघ मारली की कोर्टात कोण जाणार? पंच कंटाळले आहेत, अध्यक्षांना नवी आई आहे, ग्रामपंचायतीचा माणूस तारखेला असतो कधी, नसतो कधी. व्यापाऱ्याचा वकील मात्र प्रत्येक तारखेला असतो. त्याला माहीत आहे की गावं थकतात. तो थांबलाय तेवढ्यासाठीच.

म्हणून तारीख लागली की मी सकाळच्या एसटीने जाते. वही पिशवीत, पाण्याची बाटली, दशम्या. मागच्या वेळी बाकावर तो वकील शेजारीच बसला होता. हसून म्हणाला, "काय मॅडम, अजून डब्यासाठी?"

"हो," मी म्हटलं. "झाकणासह."

आणि पुढची तारीख लिहून घेतली.